तीन पानांचं वर्ष

लुगनविलच्या बाहेर, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याला,
जिथे प्रवाळाची पांढरी माती टाचांना चिकटते,
तिथे माझ्या बहिणीची रोपवाटिका आहे.
फाटक नाही. एक दोरी आहे, तीही बहुधा सुटलेली.

एल्सी बी पेरते ते असं:
लालभडक फळं, वाटाण्याएवढी, तीन दिवस पाण्यात.
गर सुटला की वाळूत चोळायची
(नखांना आठवडाभर आंबूस वास),
मग नारळाच्या भुश्शात पेरभर खोल, वर गोणपाट,
आणि मग काही नाही.
दोन महिने काही नाही.
चौथ्या महिन्यात मी बोटाने उकरून पाहिलं
तर तिने हातावर चापट मारली,
भट्टीवरचे तापले दगड आम्ही मधेच हलवले
की आई मारायची तशी.

मी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलो.
तिथे झाडं रांगेत उभी, तारेला बांधलेली,
पेट्या मोजायच्या, तास मोजायचे.
सात महिन्यांनी आलो तर गोणपाटाखाली
एक हिरवी सुई.
"तुझ्यासाठी नाही हं थांबली," एल्सी म्हणाली.

सुरुवातीची पानं गोल नसतातच.
चिंचोळी, टोक कात्रीने छाटल्यासारखं.
बघून कुणी म्हणणार नाही
की हेच पुढे सुपाएवढं होईल, मग
दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढं,
देठापासून कडेपर्यंत निऱ्याच निऱ्या,
आणि देठाला काटे, ते विसरून चालत नाही.
वर्षाला तीन पानं. फार तर चार.

त्यामुळे आमच्या घरात कॅलेंडर मागे पडलं.
बाबा गेले तेव्हा कोपऱ्यातल्याला पाच होती.
तान्नाच्या त्या मुलीशी माझं बिनसलं
तेव्हा त्याला बुंधाच नव्हता,
आणि हे एल्सी गिऱ्हाइकांसमोर सांगते.

वडाच्या सावलीत त्याचं बरं चालतं.
भर उन्हात पान कडेने करपत येतं,
आणि वारा तर त्याला मुळीच सोसत नाही.
एप्रिलच्या वादळात वडच आडवा झाला.
सकाळी पाहिलं, चौदा कुंड्या, चौदाही उभ्या,
पण एकेक पान निऱ्यांवरून फाटलेलं,
दुमडून दुमडून झिजलेला कागद फाटतो तसं.

हॉटेलचा माणूस आला. पोहण्याच्या तलावाभोवती
लावायचे ठरले होते ते चौदा.
"फाटकी कापून टाका, नवी आली की नेतो."
"हिरवं आहे तोवर ते कमावतंय," एल्सी म्हणाली. "नाही कापणार."
"मग नवी कधी?"
"सगळी? पाच वर्षं."
तो हसला. ती नळाची चावी शोधत होती.

गेल्या खेपेला मी मोज्यात तीन बिया नेल्या होत्या.
ऑकलंडच्या अधिकाऱ्याने त्या हातमोज्याने उचलल्या,
सॉरी म्हणाला, आणि पिशवीत सील केल्या.
काय करणार होतो कुणास ठाऊक.
तिथल्या थंडीत त्या रुजल्याच नसत्या.

आता रात्री मजुरांच्या खोलीतून फोन करतो.
पलीकडे पाऊस. मधला कोंब उलगडलाय म्हणे,
पहिलं न फाटलेलं पान,
कोंबड्यांना त्याच्याखाली बसायची सवय लागलीय.
"ऐक," म्हणत तिने फोन पानाजवळ धरला.
पत्र्यावर वाजतो तसा नव्हे,
सुपात तांदूळ पाखडावा तसा आवाज,
मधेच थांबून, पुन्हा.
"कितवं हे?" मी विचारलं.
"मोजलं नाही. पैसे संपतील तुझे, ठेव."